मशीनवर ‘अप्रूव्ड’ आलं, म्हणजे पैसे आपले झाले का? कार्ड घेताना या चुका टाळा

मी कोल्हापुरात छोट्या दुकानांचे हिशेब बघतो. टॅली, जीएसटी, बँकेचा ताळमेळ, असली कामं. त्यामुळे ‘चार्जबॅक’ शब्द असलेली बँकेची मेल बऱ्याचदा मालकाआधी मलाच दिसते. मी फोन लावतो आणि पलीकडून ठरलेलं वाक्य येतं, “पण मशीनवर अप्रूव्ड आलं होतं की!”

घोळ इथेच आहे. अप्रूव्ड म्हणजे एवढंच, की त्या क्षणी कार्ड चालू होतं, कोणी ब्लॉक केलेलं नव्हतं आणि त्यात तेवढी शिल्लक होती. कार्ड देणारा माणूस कार्डाचा मालक आहे का, हे त्यातून कळत नाही. खरा मालक महिन्याभराने स्टेटमेंट बघतो, “हा व्यवहार माझा नाही” म्हणून तक्रार करतो, आणि रक्कम तुमच्या खात्यातून वळती होते. हाच चार्जबॅक. व्हिसा-मास्टरकार्डच्या नियमांत बहुतेक प्रकारच्या तक्रारींना १२० दिवसांपर्यंत मुभा असते. दिवाळीत विकलेल्या टीव्हीचं भांडण शिमग्याच्या तोंडावर दारात येऊ शकतं.

भारतीय बँकांच्या कार्डांना दुकानात पिन आणि ऑनलाइन ओटीपी लागतो, म्हणून आपण बरेच वाचतो. पैसे जातात ते जिथे ही साखळी तुटते तिथे.

ज्याने कार्डाने पैसे दिले, त्याला ते दुसरीकडे परत करणं

माझ्या आतेबहिणीचा मालवणजवळ चार खोल्यांचा होमस्टे आहे. डिसेंबरच्या ऐन हंगामात तिला व्हॉट्सअॅपवर चौकशी आली: आठ माणसं, चार रात्री, सगळ्या खोल्या. परदेशात राहतो म्हणाला. तिने पेमेंटची लिंक पाठवली, दहा मिनिटांत ८४ हजार जमा. मला कौतुकाने फोन, “दादा, पार्टी एकदम चांगली आहे, भावसुद्धा केला नाही!” मला तेव्हाच खटकायला हवं होतं. चार खोल्या घेऊन भाव न करणारं गिऱ्हाईक मी तरी पाहिलेलं नाही.

तीन दिवसांनी निरोप आला. घरात आजारपण निघालंय, चौघंच येतील, ४० हजार परत करा. पण कार्डावर नको, वेळ लागतो, आमच्या इथल्या एजंटच्या यूपीआयवर टाका. तिने टाकले. कोणी आलं नाही. खोल्या अडकून राहिल्या. फेब्रुवारीत पूर्ण ८४ हजारांचा चार्जबॅक आला, कारण ते कार्ड भलत्याच कोणाचं तरी होतं. ४० हजार मात्र खऱ्या पैशांत गेले.

इथे ओटीपी का आडवा आला नाही? रिझर्व्ह बँकेची ती सक्ती भारतात दिलेल्या कार्डांना आहे. परदेशी बँकेच्या कार्डाला ओटीपी लागेल की नाही, ते ती बँक आणि तुमच्या गेटवेची (ऑनलाइन पैसे तुमच्यापर्यंत पोचवणाऱ्या कंपनीची) सेटिंग ठरवते. ओटीपीसारखी पडताळणी न होता पैसे आले आणि कार्ड चोरीचं निघालं, तर भुर्दंड सहसा दुकानदारावर पडतो.

परतावा द्यायचाच असेल तर गेटवेत तोच मूळ व्यवहार उघडून तिथलं ‘रिफंड’ बटण दाबायचं, म्हणजे पैसे आले त्याच कार्डावर जातात. रोख नाही, यूपीआय नाही, “माझ्या भावाच्या खात्यावर” तर नाहीच. गिऱ्हाईक खरं असेल तर त्याला चार दिवस थांबायला हरकत नसते. आणि परदेशी पाहुणे येतच नसतील तर गेटवेला सांगून परदेशी कार्डं बंदच करून टाका.

काउंटरवरची घाई

१ जानेवारी २०२१ पासून ५ हजारांपर्यंतचा व्यवहार पिनशिवाय, नुसतं कार्ड टेकवून होतो. दूध-किराण्याला उत्तम. पण मोबाइलच्या दुकानात कोणी “एक बिल चार हजार नऊशेचं करा, दुसरंही तेवढंच, उरलेलं तिसऱ्या कार्डावर” म्हणायला लागला, तर हात आवरा. अख्ख्या रकमेचं एकच बिल करा, कार्ड मशीनमध्ये घाला, पिन मागा. पिन माहीत असणाऱ्याला यात काहीच अडचण नसते.

चिप असलेलं कार्ड मागच्या चुंबकीय पट्टीने घासू नका. “चिप खराब आहे, घासा की” म्हणणाऱ्याने चिप मुद्दाम खरवडलेली असू शकते. पट्टीवरची माहिती चोरून दुसऱ्या कार्डावर उतरवता येते, चिपची नक्कल तशी जमत नाही. चिप वाचली जात नसेल तर सरळ दुसरं कार्ड किंवा रोख मागा.

पिन विचारून स्वतः दाबायची सवय तर आजच सोडा. मशीन गिऱ्हाइकाच्या हातात द्या. वयस्कर माणसं सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा पिन सांगतात, “काका, तुम्हीच दाबा” म्हणायला काही पैसे पडत नाहीत.

मशीन उसनं देणं

हे आपल्या बाजारपेठांत राजरोस चालतं आणि कोणाला गैर वाटत नाही. शेजारचा येतो, “आमचं मशीन बंद आहे, तुमच्यावर घासू द्या, संध्याकाळी हिशेब करू.” शेजारधर्म म्हणून आपण देतो. पण बँकेच्या लेखी ती विक्री तुमची. तक्रार आली की बिल तुम्हाला मागणार, माल कोणता दिला हे तुम्हाला विचारणार, आणि तुमच्याकडे त्यातलं काहीच नसणार. वर जीएसटीतही ती रक्कम जुळत नाही, आणि मग माझी संध्याकाळ जाते.

त्याचाच भाऊ म्हणजे क्रेडिट कार्ड घासून रोख देणं. “पन्नास हजार घासा, दोन टक्के तुम्ही ठेवा.” हजार रुपयांसाठी तुम्ही ४९ हजार रोख हातावर ठेवता, मालाचं खोटं बिल करता आणि बँकेशी केलेला करारही मोडता. कार्ड चोरीचं निघालं तर बोलायला तोंड राहत नाही.

कार्ड नंबर लिहून ठेवणं

नेहमीच्या गिऱ्हाइकांचे नंबर डायरीत टिपून ठेवणारे अजून आहेत. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला पूर्ण कार्ड नंबर साठवता येत नाही, फार तर शेवटचे चार आकडे. मागचा सीव्हीव्ही तर कधीच नाही. व्हॉट्सअॅपवर कोणी कार्डाचा फोटो पाठवला तर तो पुसून टाका आणि लिंक पाठवा.

“बँकेतून आलोय, मशीन बदलायचंय”

गळ्यात ओळखपत्र, हातात रोलचं खोकं. असा माणूस दुपारी, मालक जेवायला गेल्यावर येतो. तुमचं मशीन उचलतो, तसंच दिसणारं दुसरं ठेवतो. त्यावरची वसुली दुसऱ्याच खात्यात. मशीनचा सिरियल नंबर आणि टीआयडी (बँकेने मशीनला दिलेला ओळख क्रमांक) भिंतीवर लिहून ठेवा, रोज सकाळी पहिल्या स्लिपवरच्या टीआयडीशी ताडून बघा. आपण बँकेकडे तक्रार नोंदवलेली नसताना आलेल्याला मशीनला हात लावू द्यायचा नाही, हे पोऱ्यालाही सांगून ठेवा.

मशीनवर रिफंड करायला लागणारा मॅनेजर पासवर्ड मशीन आलं तेव्हा होता तसाच ठेवू नका. दुकान बंद करताना स्वतःच्या कार्डावर रिफंड मारणारा नोकर रोजच्या सेटलमेंटच्या (दिवसभराचे व्यवहार बंद करून बँकेला पाठवण्याच्या) कागदावर एका ओळीत सापडतो, पण तो कागद कोणीतरी वाचायला हवा.

स्लिप पुसली जाणं

एकदा चार्जबॅकला उत्तर द्यायला स्लिपा मागवल्या, तर दुकानदाराने प्लॅस्टिकच्या पिशवीतून कोऱ्या पांढऱ्या पट्ट्या काढून दिल्या. थर्मल कागद उन्हाने, उष्णतेने, प्लॅस्टिकने, सेलोटेपच्या डिंकानेही पुसला जातो. मोठ्या रकमेच्या स्लिपेचा आणि बिलाचा एकत्र फोटो त्याच दिवशी काढा. माल घरपोच दिला असेल तर घेणाऱ्याची सही आणि तारीखही हवी.

नोटीस आल्यावर

आधी शेवटची तारीख बघा. ती उलटली की खरा व्यवहारही हातचा जातो. बिल, स्लिप, डिलिव्हरीची सही, गिऱ्हाइकाशी झालेला संवाद असं सगळं एकाच वेळी पाठवा, तुकड्यातुकड्याने नको. फसवणूक त्याच दिवशी लक्षात आली तर सेटलमेंट होण्याआधी व्यवहार व्हॉइड, म्हणजे रद्द, करता येतो, माल मात्र आधी थांबवा. स्वतःचे पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

आणि चार्जबॅक आल्यावर गिऱ्हाइकाला वेगळे पैसे देऊ नका. चपलांच्या एका दुकानदाराने भांडण मिटावं म्हणून तक्रार करणाऱ्या बाईंना १८०० रुपये रोख परत केले, पावती न घेता. तक्रार मागे घेतली गेली नाही, बँकेनेही १८०० कापले. चपला अर्थात बाईंकडेच आहेत.