दुरून आलेलं गिऱ्हाईक: फ्रेमवाल्यांनो, या चुका टाळा

म्हापशात फ्रेमचं दुकान चालवतो. हल्ली अधूनमधून एखादा मुलगा येतो, "दुकान टाकतोय, जरा सांगाल का?" म्हणतो. मशीन कुठलं घेऊ, पट्टी कुठून आणू, काचेचा भाव काय, सगळं विचारतो. गिऱ्हाईक कुठून येणार, हे मात्र मलाच त्याला विचारावं लागतं. मग तो मोबाइलवर नकाशा उघडतो, दुकानाभोवती बोटानं गोल काढतो आणि म्हणतो, "पाच किलोमीटरात केवढी घरं आहेत बघा!"

नकाशावरचा गोल

सर्टिफिकेट, देवाचा फोटो, पोराचा पदवीदानाचा फोटो, एवढ्यासाठी माणूस जवळच्याच दुकानात जातो. तिथं तो गोल बरोबर आहे. पण आजोबांचा काचेला चिकटलेला फोटो, आजीची कशिद्याची चौकट, प्रदर्शनात घेतलेलं मोठं तैलचित्र हातात असलं की तोच माणूस वाटेतली दोन दुकानं ओलांडून पुढे जातो. ही वस्तू परत मिळणारी नसते. ती कुणाच्या हाती द्यायची हे तो शेजाऱ्याला, भावाला, मास्तरांना विचारून ठरवतो. माझ्या वहीत नावापुढे गाव लिहायची सवय पहिल्यापासून आहे. तिच्यात सावंतवाडी आहे, दोडामार्ग आहे, वाळपई आहे, काणकोणसुद्धा आहे. अख्खा गोवा उत्तर-दक्षिण १०५ किलोमीटर, त्यात काणकोणहून म्हापशाला यायचं म्हणजे ऐंशीच्या वर. राज्य ओलांडण्याचाच प्रकार तो.

आता हिशेब नीट करा. फ्रेमचं गिऱ्हाईक एकदा येत नाही. टाकायला येतं आणि न्यायला येतं. सावंतवाडी पंचेचाळीसएक किलोमीटर धरा, की एका फ्रेमचे एकशेऐंशी झाले. किराणा दुकानाचं गणित इथं चालत नाही. म्हणून मी किलोमीटर मोजत नाही, फेऱ्या मोजतो. दोन फेऱ्यांत काम झालं तर माणूस पुन्हा येतो. तिसरी फेरी पडली की कितीही सुंदर फ्रेम दिलीत तरी घरी सांगतो, "काम चांगलं, पण हेलपाटे फार."

आणखी एक. नकाशाला नदी दिसते, फेरीबोटीची रांग दिसत नाही. दिवाडीचा माणूस सरळ रेघेत मोजला तर जवळ, पण त्याला आधी धक्क्यावर थांबायचंय. जुवारी नदीवर नुसता जुना पूल होता तेव्हा मडगावची गिऱ्हाइकं "निघालो" असा फोन करायची आणि कुठ्ठाळीला अडकून संध्याकाळी उगवायची. नवा पूल डिसेंबर २०२२मध्ये एका बाजूनं आणि वर्षभरानं दुसऱ्या बाजूनंही सुरू झाला, तशी सासष्टी (मडगावचा तालुका) जवळ आली. अंतर तेवढंच, गावं तीच.

उलट पेडणे, डिचोली, दोडामार्ग या बाजूची माणसं मला लांबची वाटतच नाहीत, कारण शुक्रवारी बाजाराला ती म्हापशाला येतातच. मिरच्या, सुकी मासळी, पोराची चप्पल आणि जाताजाता फ्रेम. या शुक्रवारी टाकायची, पुढच्या शुक्रवारी न्यायची. त्यांना "बुधवारी या" सांगणाऱ्याला धंदा कळलेला नाही.

"तयार आहे" म्हणण्याची घाई

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काणकोणचे एक गृहस्थ आईचा फोटो घेऊन आले होते. लहान, कृष्णधवल, एक कोपरा वाळवीनं खाल्लेला. तो मोठा करून, दुरुस्त करून, सागवानी पट्टीत बसवायचा होता. मी शनिवार दिला. गुरुवारी त्यांचा फोन आला, "शनिवारी येऊ ना नक्की?" फोटो छापून आला होता, माउंट (फोटोभोवतीचा पुठ्ठा) कापला होता, फक्त पट्टी कापायची बाकी. मी म्हटलं, "या, तयारच आहे." शुक्रवारी संध्याकाळी पट्टी काढली तर एक नग आतून वाकलेला. पावसाळ्यात लाकडाचं असं होतं, सरळ दिसतं आणि करवतीखाली गेलं की पीळ कळतो. पंचेचाळीस अंशाचा काप बरोबर येऊनही कोपरा जुळेना, पत्त्याचं पान सरकेल एवढी फट. दुसरा नग नव्हता. आणि त्यांना फोन करायचं माझ्या जिवावर आलं. वाटलं, सकाळी कुठून तरी पट्टी मिळवू.

शनिवारी अकराच्या सुमाराला ते आले. काणकोणहून मडगाव, मडगावहून पणजी, पणजीहून म्हापसा, तीन बस बदलून. मी टेबलावर उघडी पडलेली चौकट दाखवली. ते रागावले नाहीत. स्टुलावर बसले, पाणी प्यायले, म्हणाले, "बरं, पुढच्या शनिवारी येतो." आले. फ्रेम बघून मान हलवली, पैसे पुरते मोजले. मी थोडे परत द्यायला लागलो तर हात मागे घेतला. पार्सल बांधता बांधता मी सहज विचारलं, कुठल्या भिंतीला लावणार? तेव्हा कळलं की मधल्या रविवारी आईचं वर्षश्राद्ध होतं. आधारकार्डावरचा फोटो झेरॉक्सवर मोठा करून त्यालाच हार घातला होता.

ते पुन्हा आले नाहीत. त्यांच्या गावचंही कुणी आलं नाही.

तेव्हापासून माझ्या दुकानात "तयार" या शब्दाचा अर्थ एकच आहे: पार्सल बांधून, नाव लिहून, रॅकवर ठेवलेलं. काच पुसायची राहिली असेल तर तयार नाही. मागं कागदी टेप लावायची राहिली असेल तर तयार नाही. फोन मी स्वतः करतो आणि तो करताना पार्सलला हात लावून उभा राहतो. पोरं हसतात. हसू देत. आणि काम घेतानाच विचारतो, "काही कार्यक्रम आहे का?" बारसं, साठी, श्राद्ध, घरभरणी जे असेल ते वहीत तारखेसकट, लाल पेन्सिलीनं. चतुर्थीच्या आधीच्या पंधरवड्यात दूरची नवी कामं घेतच नाही. नाही म्हटलेलं माणूस विसरतो, रिकाम्या हातानं पाठवलेलं विसरत नाही.

फोनवरचं माप

दुसरी लाडकी चूक. गिऱ्हाइकाची एक फेरी वाचवायला जाऊन दोन वाढवायच्या.

सत्तरी तालुक्यातले एक मास्तर. घरी रवी वर्मा छापखान्याची जुनी लक्ष्मी, लाकडी चौकट सडलेली. हा छापखाना १८९४ला मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्याची चित्रं आमच्याकडच्या जुन्या घरांत अजून निघतात, बहुतेक वेळा देवघराच्या धुरानं काळवंडलेली. मास्तरांनी मोबाइलवर फोटो पाठवला, खाली माप लिहिलं. माणूस गणिताचा, मी विश्वास ठेवला. म्हटलं, चौकट करून ठेवतो, तुम्ही चित्र घेऊन या, समोरच बसवून देतो, एका फेरीत काम.

मास्तर आले. जुनी चौकट उघडली, तर चित्र चारी बाजूंनी तीन-तीन सूत मोठं. त्यांनी जे दिसत होतं ते मोजलं होतं. चौकटीच्या ओठाखाली दडलेला काठ त्यांना कसा दिसणार? चूक त्यांची नव्हेच. मी विचारायला हवं होतं की मोजलं ते नेमकं काय: दिसणारं चित्र, अख्खा कागद की चौकटीची बाहेरची कड? आपल्या धंद्यात फ्रेमचं माप म्हणजे मागच्या खाचेचं माप. हे गिऱ्हाइकाला माहीत असायचं काही कारण नाही.

मास्तर म्हणाले, "काठ कापून टाका की." पुष्कळ फ्रेमवाले आनंदानं कापतील, मी बघितलेत. पण त्याच खालच्या काठावर छापखान्याच्या नावाची बारीक ओळ होती. ती कापली की उरलं कॅलेंडर. मी कापलं नाही. नवी चौकट केली, ती द्यायला मीच वाळपईला गेलो, पेट्रोल माझं. जुन्या मापाच्या चौकटीत आरसा बसवून दुकानात लावलाय. रोज सकाळी शटर उघडलं की आधी त्यात माझं तोंड दिसतं.

फोनवर मी आता भावसुद्धा सांगत नाही, "इतक्यापासून इतक्यापर्यंत" एवढंच. माप वस्तू टेबलावर आल्यावर, स्टीलच्या पट्टीनं, दोनदा, दोन्ही कर्णांसकट. जुने फोटो आणि छापील चित्रं अगदी काटकोनात कापलेली असतात असं समजू नका.

आणि कृपा करून गिऱ्हाइकाला "चित्र काढून नुसतं घेऊन या, हलकं पडेल" असं कधी सांगू नका. जुना फोटो आपल्याकडच्या दमटपणात काचेला चिकटतो. घरी सुरी घालून सोडवला की चेहरा काचेवर राहतो आणि कागद हातात. चौकटीसकट, काचेसकट, मागच्या फळीसकट आणायला सांगा. कॅनव्हास गुंडाळून आणायचा असेल तर रंगाची बाजू बाहेर ठेवून, रुंद नळीवर. आत रंग ठेवून घट्ट गुंडाळला की रंग चुरगळतो आणि उकलताना तडे जातात.

कशानं आलात?

हा प्रश्न काम घेतानाच विचारायचा, पार्सल बांधताना नव्हे. कारण काच त्यावर ठरते. चार फूट बाय तीन फूट चित्राला तीन मिलिमीटरची काच घातली तर नुसती काच आठ किलोच्या वर जाते. तेवढीच ॲक्रिलिकची शीट चार किलोच्या आसपास. गाडी असेल तर काच खुशाल घाला, मागच्या सीटवर उभी ठेवा, आडवी नको. स्कूटर असेल तर मांडवीच्या पुलावर वाऱ्यात ती चौकट शीड होते. मागं पायलटच्या, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवर एकाला काच घेऊन जाताना पाहिलंय, देवाची कृपा म्हणून पोचला असेल. बसनं आणि विमानानं जाणाऱ्याला मी सरळ ॲक्रिलिक सुचवतो. सुट्टीवर आलेले तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे, घरचा फोटो बोटीवर न्यायला करून घेतात, त्यांनाही तेच. एकच अपवाद: पेस्टल किंवा कोळशाचं चित्र. पुसल्यावर ॲक्रिलिकला विजेचा भार चढतो आणि तो भुकटी ओढतो. तिथं काचच, मध्ये अंतर ठेवून.

काचेवर मास्किंग टेपची फुली मारा. फुटणं थांबत नाही, पण तुकडे चित्रावर घरंगळत नाहीत. कोपऱ्यांना पुठ्ठा. थर्माकोलच्या गोळ्या मला आवडत नाहीत, घरभर होतात.

बारीकसारीक

दुपारी एक ते साडेतीन शटर खाली घ्यायची आपली सवय आहे, मलाही झोप प्रिय आहे. पण लांबचा माणूस सकाळी निघून बरोबर सव्वाला पोचतो. येण्याची वेळ विचारून ठेवा, निदान शटरवर नंबर लिहा.

पट्टीचे नमुने नुसते सरळ तुकडे ठेवू नका, कोपरा जोडलेले ठेवा. चित्राच्या कोपऱ्यावर ठेवला की निर्णय पाच मिनिटांत होतो. मोबाइलवर रंग दाखवून घेतलेला निर्णय हमखास फिरतो.

"फुकट घरपोच" असं बोर्डवर लिहू नका. एकाच आठवड्यात वाळपई, केपे आणि पेडणे अशा तीन दिशा निघतील.

सेलोटेपनं चित्र चिकटवणारा आणि मागं एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला तक्ता) ठोकणारा फ्रेमवाला मला डोळ्यांसमोर नको. तीन पावसाळ्यांत टेप पिवळी पडून कागदात मुरते, एमडीएफ फुगतो आणि ते दुरुस्त करायला लोक माझ्याकडे साठ किलोमीटर येतात. माझा धंदा होतो हे खरं, पण ते निस्तरायचं काम अत्यंत कंटाळवाणं असतं. व्हिडिओ बघून चार दिवसांत शिकलेल्यांना मागची बाजू दिसतच नाही, कारण व्हिडिओत ती दाखवत नाहीत. मागच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना रबरी बटणं लावा, भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळू द्या. आपल्या भिंती जूनपासून ओल धरतात.

आणि हूक, स्क्रू, तार हे सगळं पाकिटात घालून फ्रेमच्या पाठीला चिकटवूनच द्या. पेडण्याच्या एक काकी फक्त एका हुकासाठी आल्या होत्या. शुक्रवार होता म्हणून वाचलो.