जुन्या जीपला चिखल लोटायचं पातं बसवताना

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-जांबोटी पट्ट्यात पावसाळ्यात शेतवाटेवर साचणारा तांबडा चिखल जुन्या फोर-व्हील जीपने छान लोटता येतो. थंड देशांत बर्फ लोटतात तसंच पातं लागतं. पण ते बंपरला बोल्ट करू नका. जांभ्याचा दगड अडला की सगळा दणका बंपरवर येतो आणि ब्रॅकेट फाटतं. पात्याची फ्रेम थेट चासीला (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला) घ्या: दोन्ही बाजूंना १० मिमी प्लेट, प्रत्येकी चार १२ मिमीचे ८.८ ग्रेडचे (जास्त ताकदीचे) बोल्ट. बोल्ट चासीच्या पोकळ भागातून जात असेल तर आत नळीचा तुकडा घालाच, नाहीतर आवळताना चासी चेपते आणि बोल्ट पुन्हापुन्हा ढिले होतात.

पात्यामागे जाड स्प्रिंग हवी. दगड लागला की पातं पुढे झुकून वरून निघून जातं. खालची कड जमिनीपासून बोटभर वर ठेवा. पातं ३० अंश तिरकं केलं की चिखल कडेला पडतो.

पुढचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) पात्याच्या वजनाने बसतात, म्हणून मागे सिमेंटची दोन पोती टाका. लो रेंज (फोर-व्हीलचा कमी वेगाचा, जास्त जोराचा टप्पा), पहिला गिअर, माणसाच्या चालीने चालवा. रेडिएटरसमोर पातं उंच धरून पळवलं तर इंजिन तापतं. पातं आणि फ्रेमचा जोड पिनचाच ठेवा, म्हणजे पातं चटकन निघतं. डांबरी रस्त्यावर जाण्याआधी पातं काढून ठेवायचं.