वेल नंबर 17 आणि पान कुठलं बघायचं

एमेस्सीला विषय मिळाला रताळ्याच्या पानांची आनुवंशिकता. घरी सांगितलं तर आजी म्हणाली, “पानं कसली बघतेस, एकादशीला चार रताळी आण.” पहाटे उठून शिवाजीनगरची बस धरायला लागले तेव्हा कुठे तिला पटलं, की पोरगी खरंच काहीतरी शिकतेय.

पहाटेच, कारण रताळ्याचं फूल सकाळी लवकर उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं. आदल्या संध्याकाळी कळ्या झाकायच्या, सकाळी पराग लावायचे. बहुतेक वेल स्वतःचे पराग घेत नाहीत, काही जोड्या आपसातही जमत नाहीत, म्हणून एकाच क्रॉसवर, म्हणजे दोन वेलांच्या एकाच संकरावर, विसंबू नका. एका बोंडात फार तर चार बिया, बहुतेकदा एक-दोनच. कवच इतकं टणक की मी नेलकटरने टवका काढून पेरायचे.

मला वाटलं होतं, मेंडेलच्या वाटाण्यासारखंच असणार. अखंड पानाचा वेल, खाचांच्या पानाचा वेल, क्रॉस केला की गणित सुटलं. पण रताळं षट्गुणित: 15 गुणसूत्रांचे सहा संच, एकूण 90. एका जनुकाच्या सहा प्रती, त्यातल्या तीन युग्मकात (परागातल्या किंवा बीजांडातल्या प्रजनन पेशीत) जातात. सहांत एकच प्रभावी असेल, तर पूर्ण अप्रभावी वेलाशी संकरात प्रभावी आणि अप्रभावी रोपांचं प्रमाण 1:1. दोन असतील तर 4:1. तीन असतील तर 19:1. (वाटणी कशीही होऊ शकते असं धरून. कागदावर मांडून बघा, एका चहात होतं.) म्हणजे वीस रोपं सगळी सारखी दिसली म्हणून ‘शुद्ध’ लिहू नका. 19:1 मधलं ते एक रोप वीसांत न येण्याची शक्यता तिसऱ्या हिश्श्याहून जास्त आहे. शिवाय पानाचा आकार एकाच जनुकावर ठरतो असंही धरून चालू नका.

माझा खरा घोळ मात्र गणितात नव्हताच. वहीत वेल नंबर 17 समोर पहिल्या नोंदीला ‘अखंड’ आणि महिन्याने ‘तीन खाचा’. दोन्ही अक्षर माझंच. एकाच वेलावर खालची आणि वरची पानं वेगळी असतात, हे मी धरलंच नव्हतं. शेंड्याची जांभळी पानंही पुढे हिरवी होतात. मग ठरवलं: मुख्य वेलाच्या मधल्या भागातलं, पूर्ण वाढलेलं पान, सगळ्यांचं एकाच दिवशी. आधीच्या सगळ्या नोंदी खोडल्या. आईबाप वेलांचं बेणं कुंडीत जपलं होतं, म्हणून निदान त्यांची पानं पुन्हा बघता आली.