श्टुटगार्टात नवं घर लावताना : कपाट भिंतीला चिकटवू नका

सप्टेंबर-ऑक्टोबर आला की आमच्याकडे फोन सुरू होतात. पुण्याहून, नाशिकहून, कोल्हापूरहून नवीन मंडळी आलेली असतात. कुणी कंपनीतर्फे, कुणी शिकायला, कुणी लग्न होऊन. "ताई, चावी मिळाली. आता काय काय घेऊ?" हा पहिला प्रश्न. मी सगळ्यांना एकच सांगते, पहिले आठ दिवस काही घेऊ नका. गाद्या, कुकर, दोन पातेली आणि बाउमार्क्टमधून, म्हणजे घरदुरुस्तीच्या सामानाच्या मोठ्या दुकानातून, दहा-बारा युरोचं हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजायचं यंत्र, आणा. तेवढ्यावर राहा आणि घर बघा. कुठली भिंत बाहेरची आहे, ऊन कुठल्या खिडकीत किती वेळ येतं, कुठल्या कोपऱ्यात हात लावला की गार लागतं, हे समजलं की मगच सामानाची यादी करा.

मी २००९ मध्ये जर्मनीत आले. तेव्हा हे सांगणारं कुणी नव्हतं, आणि त्याची किंमत मी मोजली. ती गोष्ट आधी सांगते, कारण बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण एवढं विसरू नका.

आमचं पहिलं घर जुन्या इमारतीत होतं. झोपायच्या खोलीची उत्तरेची भिंत थेट बाहेरची. मी मोजून मापून, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बसेल असं मोठं कपाट घेतलं आणि मागे बोटभरही फट न ठेवता ते भिंतीला लावलं. आपल्याकडे असंच लावतात. मागे झुरळ-पाल शिरू नये, धूळ साचू नये म्हणून आई कपाट सरकवून भिंतीला टेकवायची. दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये गुढीपाडव्यासाठी आजीची पैठणी काढायला गेले, तर पावसाळ्यात ओल्या गोणपाटाला येतो तसा कुबट वास. पैठणीच्या काठावर राखाडी ठिपके. कपाट पुढे ओढलं, तर मागची प्लायची फळी फुगून लाटेसारखी झालेली आणि भिंत कमरेपर्यंत काळी. ती बुरशी होती. घर सोडताना मालकांनी दोन हजारांवर डिपॉझिटमधले १,८०० युरो कापून घेतले. पैठणीचा डाग आजही तसाच आहे.

असं का होतं ते नीट समजून घ्या. इथल्या खिडक्या घट्ट बंद होतात, हवा आतल्या आत राहते. आपण श्वास घेतो, आंघोळ करतो, वरण शिजवतो, कपडे वाळत घालतो. ती सगळी वाफ घरातच फिरते. खोलीत २० अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असेल, तर साधारण ९ अंशांच्या पृष्ठभागावर पाण्याचे थेंब धरतात. बुरशीला मात्र थेंबही लागत नाहीत, भिंत १२-१३ अंशांखाली राहिली की तिला पुरतं. उघड्या भिंतीला खोलीची ऊब मिळत राहते. कपाटाने झाकलेल्या भिंतीला ती मिळत नाही, पण वाफ मात्र फटीतून पोचते. म्हणून बाहेरच्या भिंतीला कपाट लावूच नका. दुसरी जागाच नसेल तर मागे किमान दहा सेंटिमीटर सोडा, आणि पायांवर उभं राहणारं कपाट घ्या, म्हणजे खालूनही हवा जाईल. हेच सोफ्याला, पलंगाच्या उंच पाठीला आणि जाड पडद्यांना लागू.

"भिंतच गार आहे, मग दोष मालकाचा" असं मीही म्हणाले होते. २०१८ मध्ये इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने सांगितलं की घर बांधलं त्या काळच्या नियमांप्रमाणे असेल, तर निव्वळ गार भिंती हा घराचा दोष धरता येत नाही. तेव्हा त्या भरवशावर राहू नका.

उपाय एकच, आणि तो फुकट आहे. दिवसातून तीन-चार वेळा खिडक्या सताड उघडायच्या, समोरासमोरच्या असतील तर उत्तम, आणि पाच-दहा मिनिटांत बंद करायच्या. याला श्टोसल्युफ्टन म्हणतात. खिडकी दिवसभर तिरकी उघडी ठेवणं म्हणजे वायुवीजन नव्हे. त्याने हवा फारशी बदलत नाही, पण खिडकीभोवतीची भिंत गारठते आणि तिथेच काळं धरतं. "थंडी आत येते" म्हणून नोव्हेंबर ते मार्च खिडकी न उघडणारी आपली कितीतरी घरं मी पाहिली आहेत. आत गेल्याबरोबर वास येतो. हायग्रोमीटर ६० च्या वर गेलं की उठा आणि खिडकी उघडा. झोपायच्या खोलीत कपडे वाळत घालू नका. आणि ती खोली वापरत नाही म्हणून हीटर पूर्ण बंद करून दार उघडं ठेवू नका, हॉलमधली ऊबदार, दमट हवा तिथल्या गार भिंतीवर जाऊन बसते.

आता स्वयंपाकघर. जाहिरातीत "स्वयंपाकघरासह" असं स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर इथे बहुतेक वेळा चार भिंती, पाण्याचा नळ आणि शेगडीच्या जोडणीची वायर एवढंच मिळतं. ओटा नाही, सिंक नाही, कपाटं नाहीत. आधीचा भाडेकरू ते सगळं उखडून घेऊन जातो. गंमत अशी की आज जगभर दिसणारं बसवलेलं स्वयंपाकघर याच देशात आकाराला आलं. १९२६ मध्ये मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या वास्तुविशारद बाईंनी फ्रांकफुर्टच्या सार्वजनिक वसाहतींसाठी, कमी पावलांत काम व्हावं असं मोजून, ते आखलं. नंतर बाकीचं जग ते घरासोबत देऊ लागलं.

शक्य असेल तर आधीच्या भाडेकरूकडून ओटा विकत घ्या. किंमत, वस्तूंची यादी आणि सह्या कागदावर हव्यात. नवीन घेणार असाल तर महिना-दीड महिना लागेल, तोवर एक सुटी विजेची शेगडी आणा. मोठी शेगडी ४०० व्होल्टच्या तीन फेजच्या जोडणीवर चालते. ती इलेक्ट्रिशियनकडूनच जोडून घ्या, पैसे वाचवू नका.

भारतातून काय आणायचं? इंडक्शनवर चालणाऱ्या बुडाचा स्टील कुकर आणि सपाट बुडाचा लोखंडी तवा. ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापत नाही आणि गोल बुडाची कढई काचेच्या शेगडीवर टेकत नाही. मिक्सर चालतो, व्होल्टेज तेच आहे. फक्त प्लग इथला बसवून घ्यायचा, अर्थिंगसकट.

फोडणीबद्दल एक सांगते. शेगडीवरच्या चिमणीचं तोंड बाहेर निघतं की ती तीच हवा कोळशाच्या फिल्टरमधून गाळून पुन्हा खोलीत सोडते, ते घर बघतानाच विचारा. इथे दुसरा प्रकारच जास्त. तो फिल्टर काही महिन्यांनी बदलावा लागतो, आणि दोन-दोन वर्षं न बदललेले मी पाहिलेत. हॉलला जोडलेलं उघडं स्वयंपाकघर दिसायला फार छान, पण रोज लसणाची फोडणी देणाऱ्या घराला मी दार असलेलं स्वयंपाकघरच सुचवेन. फोडणीच्या आधी कोट खोलीत ठेवा, दार लावा, खिडकी उघडा. आपल्या जेवणाची लाज बाळगू नका. शेजारी नाक मुरडतील म्हणून घरात मोहरी तडतडू न देणारी जोडपी मला भेटली आहेत, फार वाईट वाटतं. आमच्या खालच्या आजींनी पहिल्या वर्षी वासाची तक्रार केली होती. तिसऱ्या वर्षी त्या पुरणपोळी मागायला वर आल्या.

दिव्यांचं बघा. घर ताब्यात येतं तेव्हा छतातून नुसत्या वायरी लोंबत असतात. इथे एक धोका आहे, आपल्या इंजिनिअर मुलांनी खास लक्ष द्यावा असा. आपल्या घरांत काळी वायर न्यूट्रल असते. इथे निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ, आणि तपकिरी किंवा काळी फेज. फार जुन्या इमारतींत तर लाल वायर अर्थिंगची असते आणि राखाडी न्यूट्रल. सवयीने हात घालू नका. फ्यूज काढा, टेस्टरने तपासा, खात्री नसेल तर जाणकाराला बोलवा.

आणि दिवे कसे घ्यावेत? आपल्याला छताच्या मध्यभागी एक झगझगीत पांढरी ट्यूब लागते. डिसेंबरमध्ये इथे साडेचारलाच सूर्य मावळतो, पुढचे सहा तास त्या पांढऱ्या उजेडात काढले की घराला दवाखान्याची कळा येते आणि मन खचतं. मी इथल्या लोकांकडून एक गोष्ट मनापासून शिकले. २७०० केल्विनचे पिवळसर दिवे, तेही तीन-चार ठिकाणी कमी उंचीवर. एक सोफ्याशेजारी, एक खिडकीत, एक पुस्तकांजवळ. पहिल्या हिवाळ्यात नव्याने आलेल्या सुना एकट्या घरात बसून रडतात. त्यांच्या नवऱ्यांना मी सांगते, टीव्ही पुढच्या वर्षी घे, आधी दोन चांगले दिवे आण.

भिंतींवर बहुधा राउफाझर असेल, म्हणजे लाकडाचा भुसा घातलेला खरखरीत वॉलपेपर. हुगो एरफुर्ट यांनी तो १८६४ मध्ये काढला आणि आजही घरोघरी आहे. त्यावर चिकटपट्टीचे हूक टिकत नाहीत, पडताना कागद घेऊन पडतात. हलक्या तसबिरीला बारीक खिळा, जड वस्तूला ड्रिल आणि भिंतीच्या जातीप्रमाणे ड्यूबेल, म्हणजे स्क्रूसाठी भोकात बसवायची गुल्ली. बटणाच्या सरळ वर-खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडू नका, वायरी तिथूनच जातात. रविवारी तर ड्रिल हातातही धरू नका. बाथरूममध्ये फरशीला भोक न पाडता दोन फरशांमधल्या सांध्यात पाडा.

रंग आवडीचा द्या. आमचा हॉल हळदीच्या रंगाचा आहे. पण घर सोडताना पुन्हा पांढरा द्यायची तयारी ठेवा, गडद रंगात घर परत केलं तर भरपाई द्यावी लागते, असा २०१३ चा निकाल आहे. उलट घर तुम्हाला न रंगवताच, मळक्या भिंतींसह मिळालं असेल, तर सोडताना रंगवून देण्याची करारातली अट तुमच्यावर सहसा बांधत नाही. हा २०१५ चा निकाल, पण तो उपयोगी पडतो तो पुरावा असेल तरच. म्हणून ताबा घेताना प्रत्येक खोलीचे, प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढा आणि ताब्याच्या कागदावर, उबरगाबेप्रोटोकोलवर, एकेक ओरखडा लिहून घ्या. आपली माणसं संकोचाने "ठीक आहे, ठीक आहे" म्हणत सही करतात. संकोच करू नका, इथे कुणाला राग येत नाही. डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून जास्त मागता येत नाही आणि ते तीन हप्त्यांत देण्याचा तुम्हाला हक्क आहे.

बाथरूमच्या जमिनीला इथे बहुतेक घरांत जाळीच नसते. बादली-तांब्याने बाहेर आंघोळ केलीत किंवा फरशीवर पाणी ओतून धुतलीत, तर ते खालच्या घराच्या छतातून गळेल. आंघोळ टबात किंवा शॉवरच्या चौकटीतच, बाहेर पायपुसणं. आणि आल्याच्या पहिल्या आठवड्यात हाफ्टफ्लिष्ट, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा, काढा.

पलंगाबद्दल थोडंसं. भारतातून चादरींची गाठोडी आणू नका. इथली उशी ८० बाय ८० सेंटिमीटरची चौकोनी, नवरा-बायकोच्या रजया वेगळ्या आणि बऱ्याचदा गाद्याही दोन. गोधडी मात्र आणाच.

मुलांच्या खोलीत काहीही ठेवा, पण उंच ड्रॉवरचं कपाट भिंतीला स्क्रूने बांधल्याशिवाय मुलाला आत सोडू नका.

देवघर कुठेही करा, फक्त धुराच्या अलार्मखाली नको. आपल्या राज्यात, बाडेन-व्युर्टेंबर्गमध्ये, झोपायच्या खोल्यांत आणि बाहेर पडायच्या वाटेवर ते सक्तीचे आहेत. उदबत्तीने वाजतो म्हणून एकाने त्याला प्लास्टिकची पिशवी बांधलेली पाहून माझ्या अंगावर काटा आला होता. देव दोन मीटर सरकवा, अलार्म झाकू नका. दाराबाहेर जिन्यात चपलांचं कपाट ठेवू नका, ती आग लागली तर पळायची वाट आहे. लहानशी रांगोळी चालते. पण जिना झाडायची पाळी, केर्वोखे, तुमची असेल तर ती चुकवू नका. सगळी इमारत बघत असते.

सामान सगळं नवं घेऊ नका. क्लाइनअनत्साइगन या जुन्या वस्तूंच्या वेबसाइटवर शिसवीसारखी भक्कम टेबलं लोक पन्नास युरोंना देतात, आणि श्पेरम्युलच्या, म्हणजे मोठं टाकाऊ सामान उचलून नेण्याच्या, दिवशी रस्त्यावर चांगल्या खुर्च्या ठेवलेल्या असतात. फक्त कापडी सोफा आणि गादी जुनी आणू नका, ढेकूण येतात. आणि "दोन वर्षांत परतच जायचंय" म्हणून जमिनीवर गादी टाकून, खोक्यांतून कपडे काढत राहू नका. अशी दोन वर्षं दहा झालेली मी पाहिली आहेत. त्या घरांतल्या मुलांनी मित्रांना कधी घरी बोलावलं नाही. पहिल्याच महिन्यात निदान जेवायचं टेबल आणि सहा खुर्च्या आणा.

तुळस बाल्कनीत ठेवू नका, ऑक्टोबरच्या पहिल्या गारठ्यातच जाईल. दक्षिणेच्या खिडकीत ठेवा, पण काचेला टेकवून नको आणि हीटरच्या वरही नको. आमची सहा वर्षांची आहे, रोप हवं असेल तर मंजिऱ्या देते.