काढणीनंतर परसातल्या कोंबड्यांच्या खाद्यात पेंड वाढवा

मळणी झाली की खळ्यावर सांडलेला मका, ज्वारी, भात टिपून कोंबड्या संध्याकाळी खुराड्याकडे येतात. गळ्याखालची पिशवी चाचपली तर दाण्यांनी टम्म भरलेली लागते. तरी अंडी घटतात. दिवस लहान होतो हे एक कारण. दुसरं खाद्यातलं. पावसाळ्यात गांडुळं, नाकतोडे, वाळवी आयती मिळत होती. जमीन वाळली की ती कमी होतात. त्यातच जुन्या कोंबड्या पिसं झाडतात आणि नवं पीस जवळजवळ सगळं प्रथिनांचंच असतं.

हिशेब करून पाहा. मक्यात प्रथिने साधारण 9 टक्के, म्हणजे 50 ग्रॅम मक्यातून मिळाली साडेचार ग्रॅम. एका अंड्यातच पाच-सहा ग्रॅम जातात. मग दाणा कितीही वाढवा, कोंबडी नुसती चरबी धरते.

अंड्यावरच्या कोंबडीला 16 ते 18 टक्के प्रथिनांचं खाद्य हवं. घरी करायचं तर 8 किलो मक्याच्या भरड्यात 2 किलो सोयाबीन पेंड मिसळा. साधारण 16 टक्के भरतात. त्यात खनिज मिश्रण घाला. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला संध्याकाळी 40-50 ग्रॅम पुरे.

सगळ्यात काळजी वाटते ती घरच्या सोयाबीनची. पोती घरात असतात, म्हणून ओंजळभर तसंच टाकलं जातं. कच्च्या सोयाबीनमधले घटक प्रथिनं पचूच देत नाहीत, पिल्लं तर खुरटतात. द्यायचंच तर अर्धा तास उकळून द्या; पण पेंड आणणं केव्हाही बरं. शेंगदाणा पेंडही चालते, मात्र कुबट वास आला किंवा बुरशी दिसली तर फेकून द्या. बुरशीचं विष कोंबडीचं यकृत खातं.

पिल्लांना पहिले आठ आठवडे 20 टक्क्यांचं तयार स्टार्टर खाद्यच घ्या. तिथे घरचा प्रयोग नको. पुढे तलंगांना, म्हणजे वाढत्या माद्यांना, अंड्यावर येईपर्यंत 16 टक्के पुरतात. अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेयर खाद्य मात्र पिल्लांपासून दूर ठेवा, कारण त्यातलं जादा कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही. सगळा कळप एकाच अंगणात असेल तर कॅल्शियमसाठीचा शिंपल्यांचा चुरा खाद्यात न मिसळता वेगळ्या भांड्यात ठेवावा. ज्या कोंबडीला गरज आहे ती स्वतः जाऊन टिपते.