भाजलेल्या जखमेवर दोन-तीन दिवस दुखणं कमी ठेवणारी पट्टी, प्रोजेक्ट घेताय तं हे आधी वाचा

भाजलेल्या पेशंटला लई त्रास होते तो ड्रेसिंग बदलताना, चिकटलेलं गॉज ओढलं की माणूस कळवळते. म्हणून एम.फार्मला हा विषय घेणाऱ्या पोट्टेहो, पट्टी कमी वेळा बदलावी लागली पाहिजे आणि निघताना नवी कातडी ओढून निघू नये, हे पक्कं धरा, औषध त्यानंतर.

औषधातही पहिले हिशोब. लिडोकेन, म्हणजे जागा बधिर करणारं औषध, त्याचा कमाल डोस किलोमागे साधारण 4.5 मिलिग्राम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 270. आता मोठ्या माणसाची अख्खी पाठ अंगाच्या 18 टक्के, जवळपास 3000 चौरस सेंटीमीटर, त्यावर चौरस सेंटीमीटरमागे 1 मिलिग्राम टाकलं तरी 3000 मिलिग्राम झालं न भाऊ! कातडी गेली म्हणजे अडवणारं काही नाही, औषध रक्तात जाते, झटके येऊ शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून सगळं औषध एकदम सुटलं असं धरूनच डोस ठरवा आणि पट्टी लहान सेकंड डिग्री (वरच्या थराखालीही भाजलेल्या) जखमेपुरतीच ठेवा.

बनवायला सोडियम अल्जिनेट (समुद्री शेवाळातून निघणारा, कॅल्शियमनं जेल होणारा पदार्थ) पाण्यात 2 टक्के घ्या, रात्रभर भिजू द्या, बुडबुडे जाऊ द्या, ग्लिसरीन विसरू नका, नाहीतर नागपूरच्या मे महिन्यात फिल्म पापडासारखी तडकते. लिडोकेन हायड्रोक्लोराइड तसंच मिसळू नका, पाण्यात पटकन विरघळते, कॅल्शियम क्लोराइडच्या बाथमध्ये पट्टी घट्ट करतानाच बरंचसं निघून जाते, त्यापेक्षा पीएलजीएच्या (अंगात हळूहळू विरघळणारं पॉलिमर) मायक्रोस्फिअरमध्ये, म्हणजे बारीक गोळ्यांमध्ये, भरून टाका. बाथचं पाणी फेकू नका, यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरवर 263 नॅनोमीटरला तपासा, किती औषध गळलं ते तिथं दिसते. संत्र्याच्या सालीचं पेक्टिन वापरायचा मोह आपल्याकडं होतेच, पण ते बहुतेक हाय मेथॉक्सिल (मिथाइल गट जास्त असलेलं) राहते, कॅल्शियमनं नीट जमत नाही, आधी त्याचं मेथॉक्सिल कमी करावं लागते.

रिलीज, म्हणजे पट्टीतून औषध किती वेगानं सुटते ते, फ्रान्झ सेलमध्ये (त्यासाठीचं काचेचं दोन कप्प्यांचं उपकरण) 32 डिग्री सेल्सिअसला बघा, पण नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात बघून खूश होऊ नका. जखमेतून पाझरणाऱ्या द्रवातला सोडियम कॅल्शियमची जागा घेते अन् जेल सैल पडते, म्हणून सोडियम, कॅल्शियम आणि अल्ब्युमिन असलेला द्रव बनवून 72 तास चालवा.

गॅमा किरणांनी निर्जंतुक केलं तं अल्जिनेटच्या साखळ्या तुटतात, त्यामुळं रिलीज नंतर परत काढाच. अन् उंदरांवर जायचं असेल तं कॉलेजच्या अ‍ॅनिमल एथिक्स कमिटीची परवानगी आधी, अर्ज सेमिस्टरच्या सुरुवातीलाच टाका.