गोधडीसाठी बॅटिंग निवडण्याआधी

कापडाला कात्री लावण्याआधी बॅटिंग, म्हणजे गोधडीच्या दोन कापडांमधलं भरण, ठरवून टाका. बहुतेक जण उलटं करतात. वरच्या जोडकामावर महिनेच्या महिने घालवतात, रंगांची जुळणी दहा वेळा बदलतात, आणि सगळं शिवून झाल्यावर मधल्या थरासाठी जे हाताशी येईल ते घेतात. पण गोधडी अंगावर कशी पडेल, धुतल्यावर किती आटेल, तिचं वजन किती होईल, टाके किती अंतरावर घालता येतील, हे सगळं त्या न दिसणाऱ्या थरावर असतं. टाके किती दाट हवेत ते आधी कळलं, तर नक्षीही त्या हिशेबाने आखता येते.

आधी कागदावर दोन गोष्टी लिहा: ही गोधडी कोण वापरणार, आणि ती कशी धुतली जाणार. रोज अंगावर घेण्याची, वरचेवर मशीनमध्ये जाणारी गोधडी असेल तर सुती किंवा सुती-पॉलिएस्टर मिश्र बॅटिंग घ्यावी. भिंतीवर टांगायची असेल तर पातळ, सपाट सुती, म्हणजे ती सरळ लोंबते आणि मध्ये पोट सुटत नाही. गरम भांड्याखाली ठेवायचं काही शिवत असाल तर पॉलिएस्टर अजिबात नको, ते उष्णतेने वितळतं. बाळासाठी शिवत असाल तर हवा खेळती ठेवणारं, पातळ सुती भरण बरं. मात्र एक वर्षाखालच्या बाळाच्या झोपायच्या जागी कोणतंही सुटं पांघरूण ठेवू नये, कितीही मायेने शिवलेलं असलं तरी. ती गोधडी बाळ जागं असताना, मोठं कुणी जवळ असताना जमिनीवर अंथरायला ठेवा.

मग तंतूचा विचार. माझा कल कापसाकडे आहे, आणि तो उगाच नाही. सुती बॅटिंग कापडाला धरून राहते, शिवताना थर सरकत नाहीत, आणि वापरून वापरून ती मऊ होत जाते. ती आटते, साधारण 3 ते 5 टक्के, आणि त्या आटण्यामुळेच पहिल्या धुण्यानंतर टाक्यांच्या आजूबाजूला बारीक सुरकुत्या उमटतात. जुन्या गोधडीचं ते रूप काहींना हवं असतं, काहींना नको असतं. नको असेल तर आधीच आटवलेली बॅटिंग घ्या. पाकिटावर परवानगी असेल तर घरीही कोमट पाण्यात बुडवून, न पिळता, आडवी पसरून वाळवता येते. हिशेब डोळ्यासमोर ठेवा: 60 इंचांची गोधडी 5 टक्के आटली तर 57 इंच उरते. पलंगावर दोन्ही बाजूंनी खाली यायला हवी असेल तर ते 3 इंच जाणवतात. आणखी एक, न विरंजलेल्या कापसात सरकीचे बारीक तपकिरी कण असतात. पांढऱ्या कापडाखालून ते दिसतात, तिथे पांढरीशुभ्र बॅटिंगच हवी.

लोकर हलकी, उबदार आणि फुगीर असते. घडीच्या रेषा तिच्यावर फारशा राहत नाहीत आणि टाक्यांची नक्षी छान उठून दिसते. पण गरम पाणी आणि घुसळणं तिला सोसत नाही, तिचा नमदा होतो, म्हणजे ती आटून घट्ट होते, शिवाय कसर लागण्याची भीती. रेशमाची बॅटिंग अंगालगत बसते, म्हणून शिवलेल्या जाकिटांना ती शोभते. बांबूची म्हणून मिळते ती बहुधा बांबूपासून काढलेल्या व्हिस्कोसची असते आणि त्यात बरेचदा कापूस मिसळलेला असतो. पॉलिएस्टर हलकं, लवकर वाळणारं, न आटणारं, पण त्यात घाम कोंडतो. शिवाय कमी प्रतीच्या पॉलिएस्टरचे तंतू कापडाच्या विणीतून वर येतात आणि गडद रंगावर पांढरी लव उगवल्यासारखी दिसते. ते तंतू ओढून काढायला गेलं की मागून आणखी येतात. गडद जोडकामासाठी काळी बॅटिंग मिळते, तीच आणावी.

आता पाकीट हातात घ्या आणि त्यावरची एक ओळ शोधा: टाक्यांच्या दोन ओळींमधलं जास्तीत जास्त अंतर. ती ओळ मी एकदा वाचली नव्हती. मोठ्या मोकळ्या चौकोनांची गोधडी, टाके जवळजवळ वीतभर अंतरावर, आणि आतली बॅटिंग साधी, सैल कापसाची. तिसऱ्या धुण्यानंतर उजेडासमोर धरली तर प्रत्येक चौकोनात कापूस एका कोपऱ्यात गोळा झालेला आणि बाकी भाग नुसतं दुहेरी कापड. उसवून पुन्हा भरण्याशिवाय इलाज नव्हता. अशा सैल बॅटिंगला 2 ते 3 इंचांवर टाका लागतो. ज्या बॅटिंगमध्ये तंतू एका पातळ कृत्रिम जाळीवर सुयांनी ठोकून बसवलेले असतात, तिला 8 ते 10 इंचांचं अंतरही चालतं. पण जाळीवाल्या बॅटिंगमध्ये हातातली सुई अडकते.

म्हणून हाताने शिवणार की मशीनवर, हेही आत्ताच ठरवा. हाताचा धावदोरा घालायचा असेल तर जाळी नसलेली बॅटिंग शोधा. लोकर यात फार सुखाची, सुई तिच्यातून लोण्यातून जावी तशी जाते. जमलं तर तुकडा मागून घ्या, दोन कापडांमध्ये धरा आणि सुईवर चार टाके एकदम घेऊन बघा. दोरा ओढताना करकर लागली, अंगुस्तान घालूनही बोट दुखायला लागलं, तर पूर्ण गोधडीत काय होईल याचा अंदाज येतो. मशीनवर शिवणार असाल तर जाळी उपयोगाचीच, फक्त फार फुगीर बॅटिंग नको. गोधडीचा गुंडाळलेला भाग मशीनच्या बगलेतून, म्हणजे सुई आणि मशीनच्या उभ्या भागामधल्या जागेतून, सरकायला हवा. पाव इंचाच्या आतली जाडी घरच्या मशीनला सोपी जाते.

यातलं काहीही राहिलं तरी चालेल, पण नमुना शिवल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्याच कापडाचे आणि त्याच बॅटिंगचे 14 इंचांचे चौकोन घ्या, तिन्ही थर एकत्र करा, ज्या अंतरावर गोधडीत टाके घालणार त्याच अंतरावर घाला. मग पक्क्या रंगाच्या, उठून दिसणाऱ्या दोऱ्याने मधोमध बरोबर 10 इंचांचा चौकोन शिवा. तो चौकोन टाके घालून झाल्यावरच शिवायचा, कारण टाक्यांनीही कापड थोडं आत ओढलं जातं. आता गोधडी जशी धुणार तसाच हा तुकडा धुवा आणि वाळवा. चौकोन साडेनऊ इंच भरला तर आटणं 5 टक्के, हिशेब तोंडी होतो. कुठे गोळा जाणवतोय का, हाताने चाचपा. वर लव आली का, उजेडात तिरका धरून बघा. मुठीत दाबून सोडा, घडी राहते की उलगडते ते दिसेल.

मापाचं सांगायचं तर बॅटिंग जोडकामापेक्षा प्रत्येक बाजूला 4 इंच जास्त घ्यावी. 60 बाय 80 इंचांच्या जोडकामाला 68 बाय 88 इंचांची लागते, म्हणजे 72 बाय 90 इंचांच्या तयार पाकिटात काम होतं. उरलेल्या पट्ट्या जोडूनही चालतं, फक्त त्या एकाच बॅटिंगच्या असाव्यात. दोन जातींचे तुकडे वेगवेगळे आटतात. कडा एकमेकींवर चढवू नका, तिथे उंचवटा होतो. दोन्ही तुकडे एकावर एक ठेवून सरळ कापण्याऐवजी नागमोडी कापा, कडा शेजारी शेजारी भिडवा आणि सैल हाताने तिरके टाके घाला. सरळ जोड हाताला लागतो, नागमोडी लागत नाही.

पाकिटातून काढल्यावर बॅटिंग रात्रभर पसरून ठेवा, घड्या आपोआप जातात. घाई असेल तर किंचित ओलसर करून ड्रायरमध्ये मंद आचेवर दहा मिनिटं पुरतात. इस्त्री नको. सुयांनी ठोकलेल्या बॅटिंगला सुलट-उलट बाजू असते: एका बाजूला बारीक खळगे, दुसरीकडे बारीक गाठी. खळग्यांची बाजू जोडकामाकडे, वर. मग सुई तंतू ज्या दिशेने ठोकलेत त्याच दिशेने जाते आणि तंतू मागे ओढले जात नाहीत.

थर लावून हाताच्या पंजाएवढ्या अंतरावर सेफ्टी पिना मारल्या की टाके सुरू करता येतात. पाकिटावरची माहिती आणि धुतलेला नमुना मात्र टाकू नका. एका पिशवीत घाला, तारीख लिहा, आणि गोधडी भेट देणार असाल तर ती पिशवी सोबत द्या. पहिल्यांदा धुवायच्या वेळी पाणी किती गरम घ्यायचं, हे घेणाऱ्याला विचारावं लागणार नाही.